मातीतलं डीडीटी: मुरलेलं की नव्याने मारलेलं?

वेण्णा तलावाचं पाणी महाबळेश्वर आणि पाचगणी पितात, आणि त्याच परिसरात स्ट्रॉबेरीची शेती आहे. अशा ठिकाणच्या मातीत डीडीटी हे जुनं कीटकनाशक निघालं, की बोट लगेच आज कसणाऱ्या शेतकऱ्याकडे जातं. मला हा अन्याय वाटतो. शेतीतलं डीडीटी १९८९ मध्येच बंद झालं, पण मातीत त्याचं प्रमाण निम्मं व्हायला २ ते १५ वर्षं लागतात. आजोबांनी मारलेली पावडर नातवाच्या अहवालात दिसू शकते.

मुरलेलं कसं ओळखायचं? हवा खेळत्या मातीत डीडीटीचं विघटन होऊन डीडीई बनतं, पाणी साचून राहिलं तर डीडीडी. या दोघांची बेरीज मूळ डीडीटीपेक्षा बरीच जास्त असेल, तर माल जुना. मूळ डीडीटीच वरचढ असेल, तर अलीकडचा संशय घ्यावा. तरीही एकाच नमुन्यावर कुणाला दोषी धरू नये. हिवतापासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटीची सरकारी फवारणी चालूच राहिली होती, म्हणून जुन्या घरालगतची माती नमुन्यात नको.

शिवाय एक तोतया आहे: डायकोफॉल. हे कोळीनाशक डीडीटीपासूनच बनतं आणि त्यात थोडं डीडीटी उरतं. डीडीटीच्या रेणूचे पी,पी आणि ओ,पी असे दोन प्रकार असतात; डीडीटी पावडरीत पी,पी प्रकार ओ,पीच्या कितीतरी पट असतो. डायकोफॉलमधल्या अंशात ओ,पी जास्त. स्ट्रॉबेरीवर लाल कोळी ही कीड येतेच, त्यामुळे इथे हे तपासायलाच हवं.

बीएचसी या दुसऱ्या जुन्या कीटकनाशक पावडरीचंही तसंच; तिच्या रेणूचे अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार असतात. ती १९९७ मध्ये बंद झाली. अल्फा प्रकार गॅमाच्या अनेक पट असेल तर ती पावडर, गॅमा जास्त असेल तर लिंडेन (जवळजवळ नुसत्या गॅमाचं कीटकनाशक), आणि बीटाच उरला असेल तर जुनं. तो सगळ्यात चिवट.

हा फरक महत्त्वाचा, कारण उपाय वेगळे आहेत. नवा वापर असेल तर औषध कुठून आलं ते शोधून थांबवता येतं. जुनं मात्र पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर तलावात उतरतं. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या उतारावर बांध, तलावाच्या बाजूला गवताचा पट्टा आणि पावसाळ्यात उघडी न ठेवलेली जमीन हाच त्यावरचा इलाज.

नेहमीच्या माती परीक्षणात यातलं काहीच दिसत नाही. तिथे सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश अशी जमिनीच्या कसाची मापंच कळतात. गॅस क्रोमॅटोग्राफी (रसायनं एकमेकांपासून वेगळी करून मोजण्याची पद्धत) करणारी प्रयोगशाळा गाठावी आणि ‘एकूण डीडीटी’ असा एकच आकडा न घेता प्रत्येक घटक वेगळा लिहून मागावा.