रेडीच्या किनाऱ्यावर सापडलेला काळा दगड

मे महिन्यात बहिणीची मुलगी दक्षिण सिंधुदुर्गातल्या रेडीच्या किनाऱ्यावरून मुठीएवढा काळा गुळगुळीत दगड घेऊन आली, आकाराच्या मानाने भलताच जड, आणि आल्या आल्या विचारते, "मावशे, ह्यो उल्केचो दगड असा काय?" मला तिचा प्रश्न फार आवडला, कारण दगड ओळखायची सुरुवात अशीच होते, हातात घेतल्यावर काहीतरी वेगळं लागतं तिथून.

नवीन माणूस पहिली चूक करतो ती रंगावर जायची. आपल्याकडे पाऊस आणि खारा वारा एवढा की कुठल्याही दगडाचा वरचा थर बदललेला असतो, लाव्हा थंड होऊन झालेला काळा बेसॉल्टसुद्धा बाहेरून तपकिरी होतो. म्हणून ताजी फुटलेली बाजू शोधायची, ती ओली करून उन्हात भिंगाने बघायची. फोडायचाच असेल तर डोळ्यांना चष्मा लावून, वर फडकं टाकून. कातळशिल्पांच्या सड्यावरचा (उघड्या कातळाच्या पठारावरचा) किंवा किल्ल्याचा दगड मात्र हातोडीने सोडाच, उचलायचाही नाही.

आम्ही आमचा फोडला नाही. बाथरूमची उरलेली टाइल घेतली आणि तिच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासला. काळ्या दगडाची रेघ उमटली लालभडक, तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूसारखी! खनिजाचा बाहेरचा रंग फसवतो पण त्याच्या पुडीचा रंग सहसा बदलत नाही. हेमॅटाइटची रेघ लालसर, मॅग्नेटाइटची काळी, गोएथाइटची पिवळट तपकिरी, आणि ही तिन्ही लोखंडाचीच खनिजं. गेरूचा लाल रंगही हेमॅटाइटचाच.

मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक लावलं. जेमतेम ओढल्यासारखं झालं. बहुतेक उल्कांमध्ये लोखंड-निकेल धातू असतो त्यामुळे त्या चुंबकाला चांगल्या चिकटतात, पण चिकटला म्हणजे उल्का असंही नाही, साध्या बेसॉल्टमध्येसुद्धा थोडा मॅग्नेटाइट असतो.

खरी मजा वजनात आली. किचनच्या काट्यावर दगड भरला ३१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला लागणार नाही असा सोडला, काटा ६८ दाखवायला लागला. म्हणजे दगडाने ६८ ग्रॅम, म्हणजेच ६८ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलं, तेच त्याचं आकारमान. ३१२ भागिले ६८, साधारण ४.६, ही त्याची घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं ग्रॅममधलं वजन. गारगोटी २.६५ असते, बेसॉल्ट ३ च्या आसपास, शुद्ध हेमॅटाइट ५ च्या वर आणि लोखंडी उल्का ७ च्या पुढे. आमचा दगड हेमॅटाइटचा, थोडी भेसळ असलेला. रेडीला लोहखनिजाच्या खाणी समुद्राला लागूनच आहेत, त्यामुळे तो तिथे कसा आला हेही सांगायला नको.

जागा माहीत असणं म्हणजे अर्धं काम. रायगड-रत्नागिरीत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट आणि त्यावर जांभा, आणि बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, अकीक, कॅल्साइट अशी खनिजं. दक्षिण सिंधुदुर्गात मात्र त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेत, म्हणून वेंगुर्ल्याचा दगड आणि अलिबागचा दगड एका मापाने मोजू नये.

पांढऱ्या खड्यांची गडबड सगळ्यांची होते. गारगोटी (क्वार्ट्झ) चाकूने ओरखडत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते, कारण मोह्सच्या १८१२ च्या मापात तिचा कठीणपणा ७ आणि काचेचा साधारण ५.५. कॅल्साइट फक्त ३, चाकूने सहज खरवडतो आणि ती पूड व्हिनेगरमध्ये टाकली की बुडबुडे येतात. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासून बघा, आतून फिकट उजेड दिसतो, माझ्या आजीने दाखवला होता तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते.

उल्का नाही म्हटल्यावर पोरगी थोडी हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी परत किनाऱ्यावर. या वेळी आणला लाल, चपटा, कडा गोल झालेला तुकडा. भिंगाखाली एकही स्फटिक नाही, जाडी सगळीकडे सारखी आणि एका बाजूला सरळ खाच. तिनेच ओळखलं, मंगलोरी कौल.