आंबलेले पाय आणि घट्ट मोजे

लांब पल्ल्याची धाव झाली की त्या दिवशी पाय नुसते दमलेले असतात. खरे दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेही जिना उतरताना. चढताना एवढा त्रास होत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबतच शरीराचा भार पेलतो. धावताना हेच काम तो हजारो वेळा करतो आणि त्यातच त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. मग तिथे दाह होतो, सूज येते आणि २४ ते ७२ तासांत दुखणं टिपेला पोचतं. याचं खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडलं जातं. पण धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दोन दिवसांनी दुखवायला ते शिल्लकच नसतं.

अशा आंबलेल्या पायांवर कॉम्प्रेशन मोजे किंवा टाइट्स चढवायची पद्धत धावपटू आणि सायकलपटूंमध्ये चांगलीच रुळली आहे. मुळात ही वस्तू रुग्णांसाठीची. अमेरिकेतल्या टोलेडोचे अभियंते कॉनरॅड जॉब्स्ट यांना पायांच्या शिरांचा आजार होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. म्हणजे घोट्याशी सर्वाधिक आणि वर येताना कमी कमी. हाच उतरता दाब त्यांनी १९५०च्या सुमारास मोज्यात आणला.

त्यातलं भौतिकशास्त्र मोठं देखणं आहे. कापडाचा ताण सगळीकडे सारखा असला, तरी पाय जिथे बारीक तिथे दाब जास्त आणि जिथे जाड तिथे कमी. घोटा बारीक, पोटरी भरलेली; त्यामुळे निम्मं काम पायाचा आकारच करून देतो. बाहेरून दाब पडला की शिरा अरुंद होतात, रक्त वर सरकायला मदत होते आणि ऊतींमध्ये पाझरणारं पाणी कमी होतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की एकाच मापाचा मोजा दोन वेगळ्या पायांवर वेगवेगळा दाब देतो. खोक्यावर छापलेला २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याचा दाब तुमच्या पोटरीवर पडेलच असं नाही. खेळाडूंच्या पायांवर प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हाही हा फरक ठळक दिसला.

मग स्नायू खरंच लवकर सावरतात का? २०१४ साली मॅरेथॉन धावलेल्या २४ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना टाइट्स घालायला दिल्या, बाकीच्यांना अल्ट्रासाउंडचा नुसता देखावा केलेला उपचार. टाइट्सवाल्यांचं दुखणं २४ तासांनी कमी होतं. पण स्नायूंची ताकद आणि रक्तातलं क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंच्या इजेची खूण, यांत फरक नव्हता. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या प्रयोगात ३३ जणांपैकी काहींनी मॅरेथॉननंतर ४८ तास कॉम्प्रेशन मोजे घातले, तर बाकीच्यांनी तसेच दिसणारे, दाब नसलेले. दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवलं, तेव्हा मोजेवाले आधीच्या चाचणीपेक्षा सरासरी २.६ टक्के जास्त टिकले आणि दुसरे ३.४ टक्के कमी. आकडे आशा लावणारे आहेत, पण गट लहान आहेत.

असे अनेक प्रयोग एकत्र मांडले तरी निकाल एका बाजूला झुकत नाही. २०१७च्या आढाव्यात ताकद भरून यायला मदत होते असं दिसलं, विशेषतः वजनांच्या व्यायामानंतर. २०२२च्या आढाव्यात ताकदीच्या बाबतीत काहीच फायदा आढळला नाही. मोठी अडचण वेगळीच आहे. औषधाच्या प्रयोगात गोळी साखरेची आहे की औषधाची हे रुग्णाला कळत नाही. पोटरी आवळली आहे की नाही, हे मात्र कुणालाही कळतं. आपल्यासाठी काहीतरी केलं जातंय, या भावनेनेही दुखणं कमी जाणवतं.

तरीही मला ते मोजे टाकाऊ वाटत नाहीत. कमी दुखणारे पाय घेऊन माणूस नीट झोपतो, आणि स्नायूंची दुरुस्ती तर झोपेतच जोमाने चालते. शर्यतीनंतर लांबचा विमानप्रवास असेल तर त्यांचा उपयोग आणखी पक्का आहे: तासन्‌तास बसून पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका त्यांनी कमी होतो. मात्र त्यांच्या भरवशावर दुसऱ्याच दिवशी जोराचा सराव करू नये. दुखणं कमी झालं म्हणजे तंतू सांधले गेले असं नव्हे.

माप घ्यायचं ते सकाळी, पायावर सूज चढण्याआधी, घोट्याच्या सर्वांत बारीक आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी. दिवसअखेर मोजा उतरवला की पोटरीवर विणीची पुसट नक्षी दिसते. तिची काळजी नको. पण गुडघ्याखाली खोल वळ उमटला असेल, तर काठ दुमडला गेला होता किंवा माप चुकलं होतं. तिथे रक्त वर जाण्याऐवजी अडत होतं. बोटं बधिर झाली किंवा गार पडली तर मोजा लगेच काढावा, आणि ज्यांच्या पायांच्या धमन्यांत अडथळा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घालूच नये.