चिंता-व्यवस्थापन अ‍ॅप : विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी

परीक्षा, सबमिशन, वसतिगृहातले एकटेपण, नोकरीची धास्ती यांतून येणारी चिंता विद्यार्थ्याला स्वतः ओळखता यावी आणि आटोक्यात ठेवता यावी, यासाठी तयार केलेले मोबाइल अ‍ॅप. ब्रिस्टल येथील वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञांनी मिळून २०१३ मध्ये आणलेले ‘सॅम’ हे त्याचे एक सुरुवातीचे उदाहरण. त्यात चिंतेची नोंद ठेवता येई आणि उपयोगी पडलेले व्यायाम निवडून स्वतःचा संच जमवता येई.

अशा अ‍ॅपांचा पाया बहुधा बोधात्मक वर्तनोपचाराचा असतो : मनात आलेला विचार लिहायचा, तो कितपत खरा आहे हे तपासायचे, टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने जायचे. जोडीला संथ श्वसन. चिंता मोजण्यासाठी ‘जीएडी-७’ ही प्रश्नावली वापरतात. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न असून एकूण गुण ० ते २१ असतात. ५, १० आणि १५ हे सौम्य, मध्यम व तीव्र चिंतेचे उंबरठे. हे निदान नव्हे. रात्री दोन वाजता एकट्या मुलीला लाल अक्षरांत ‘१६’ दाखवून थांबणारे अ‍ॅप अपायच करते; आकड्यालगत पुढे काय करायचे तेही दिसलेच पाहिजे.

उपयोगाचा पुरावा जपून वाचावा लागतो. ‘वोबॉट’ या संवादी अ‍ॅपची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी १८ ते २८ वयाच्या ७० जणांवर दोन आठवडे चालली. अ‍ॅप वापरणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे अधिक घटली. चिंता मात्र केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटातही कमी झाली. दुसरी अडचण गळतीची. मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपांच्या २०१९ मधील पाहणीत पंधराव्या दिवशी ती उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.९ टक्के होते. तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी हाती लागले पाहिजे. सलग दिवसांची मोजणी दाखवून दांडीची आठवण करून देणे तर चिंताग्रस्ताच्या बाबतीत उलटेच : आधीच अपराधी वाटणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक सबमिशन.

भाषेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मराठी मुले ‘मला चिंता आहे’ असे क्वचितच म्हणतात. ‘जाम टेन्शन आलंय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘पोटात गोळा आला’, ‘काही सुचत नाही’ असे म्हणतात. इंग्रजी प्रश्नांचे शब्दशः भाषांतर केले, तर मूल प्रश्न वाचते, पण त्यात स्वतःला ओळखत नाही. त्यामुळे मराठी मजकूर विद्यार्थ्यांसोबत बसूनच घडवायला हवा.

वसतिगृहात फोन चारजणांच्या नजरेत असतो. पडद्यावर झळकणाऱ्या सूचनेत ‘चिंता’ हा शब्दही नसावा. नोंदी फोनमध्येच राहाव्यात, त्या पालकांना किंवा महाविद्यालयाला परस्पर जाऊ नयेत आणि श्वसनाचा व्यायाम नेट नसतानाही चालावा. जीव नकोसा झाल्याचे कुणी लिहिले, तर तिथे व्यायाम सुचवणे थांबवून माणसाचा आवाज जोडून द्यावा लागतो. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही मिळते. तिचे बटण अ‍ॅपच्या प्रत्येक पानावर, न शोधता बोटाखाली येईल असे असावे.