ग्रहयोग आणि भूकंप

सूर्य, चंद्र व ग्रह एका रेषेत किंवा एका राशीत जमले की मोठा भूकंप होतो, असा समज. तो जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांना स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. नाशिकमध्ये हा समज सहज रुजतो, कारण गुरू सिंह राशीत गेला की इथे सिंहस्थ भरतो आणि ग्रहाची चाल रामकुंडावरच्या गर्दीत डोळ्यांना दिसते. पेठ-सुरगाण्याकडे रात्री जमीन हलून मांडणीवरची भांडी वाजली, तर सकाळी हात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जातो: काल तिथी कोणती होती?

फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एकाच राशीत जमले, जोडीला ५ तारखेचे खग्रास सूर्यग्रहण. देशभर यज्ञयाग झाले. प्रलय आला नाही. जॉन ग्रिबिन आणि स्टीफन प्लेगमन या खगोल-अभ्यासकांनी १९७४ मध्ये भाकीत केले की १९८२ च्या ग्रहस्थितीमुळे कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश (जमिनीतल्या खडकांची मोठी भेग) हलेल. तेही फसले.

ग्रहांपुरता प्रश्न गणितानेच मिटतो. भरती-ओहोटी घडवणारा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाही त्याचा हा जोर चंद्राच्या सुमारे एकोणीस हजारावा भाग भरतो. गुरूचा तर पावणेदोन लाखावा.

चंद्राबद्दलचा दावा मात्र झटकून टाकू नये. समुद्रासारखीच घट्ट जमीनही चंद्र-सूर्याच्या ओढीने वीत-दीड वीत वरखाली होते, फक्त ती सगळीच हलत असल्याने आपल्याला कळत नाही. अमावस्या-पौर्णिमेला हा ताण वाढतो. तरी तो काही किलोपास्कल (दाब-ताण मोजायचे एकक) इतकाच असतो, आणि भूकंपात भ्रंशावरून सुटणारा ताण त्याच्या हजारपट किंवा अधिक. फुटायला आलेल्या भ्रंशाला चंद्र-सूर्याचा हा ताण शेवटचा धक्का देऊ शकेल का, हा खरा प्रश्न आहे. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अतिमोठे भूकंप ताण जास्त असलेल्या काळात होण्याकडे थोडा कल दिसतो. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ सुझन हफ यांनी २०१८ मध्ये ८ व त्याहून अधिक तीव्रतेच्या २०४ भूकंपांच्या तारखा चांद्रकलांशी ताडून पाहिल्या. कोणतीही ठरावीक तिथी निघाली नाही.

मग अनुभव खरा का वाटतो? किल्लारी हादरली ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशीचे विसर्जन झालेले. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी दत्तजयंतीची. भूजचा भूकंप २६ जानेवारीचा, अमावस्येनंतर दोन दिवसांनी. ही उदाहरणे मनात घट्ट बसतात, कारण ती सणांना चिकटलेली आहेत. पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप अमावस्येनंतर नऊ-दहा दिवसांनी झाला आणि २०१५ चा नेपाळचा अष्टमीच्या आसपास. त्यांची तिथी कुणी सांगत नाही. शिवाय अमावस्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथींच्या आगेमागे दोन-दोन दिवस धरले तर महिन्याचे दहा दिवस भरतात, म्हणजे योगायोगानेच दर तीन भूकंपांतला एक तिथे पडणार.

कोयनेत ज्याचा संबंध खरोखर सापडला ते जलाशयातले पाणी: पातळी चढते-उतरते तसे तिथल्या धक्क्यांचे प्रमाण बदलते. नाशिक शहर भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होते.