परवानगीची नोंद कुठे ठेवायची?

2017 च्या जानेवारी महिन्यात जगभरातील हजारो मोंगोडीबी डेटाबेस रिकामे झालेले आढळले. आतील नोंदी पुसल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी, माहिती परत हवी असल्यास बिटकॉइनमध्ये खंडणी भरा, असा मजकूर ठेवलेला होता. या प्रकारात कोणी कुलूप फोडले नव्हते, कारण फोडण्यासाठी कुलूपच नव्हते. हे डेटाबेस थेट इंटरनेटला जोडलेले होते आणि ते येणाऱ्याला ओळख विचारत नव्हते. ओळख विचारण्याची सोय त्यांत होती. पण ती सुरू करण्याचे काम डेटाबेस बसवणाऱ्यावर सोपवलेले होते आणि अनेकांकडून ते राहून गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 3.6 या आवृत्तीपासून, वेगळी सूचना दिल्याखेरीज, हा डेटाबेस फक्त ज्या संगणकावर तो बसवला आहे तेथूनच आलेल्या जोडण्या स्वीकारू लागला.

यावर कोणीही म्हणेल की पासवर्ड लावला म्हणजे प्रश्न मिटला. डेटाबेस एकाच संगणकावर असेल तर हे बरेचसे खरेही आहे. मात्र तोच डेटाबेस वीस-पंचवीस संगणकांवर विभागलेला असेल, त्यातील काही मुंबईत आणि काही सिंगापुरात असतील, आणि त्यांतील एखादा कोणत्याही क्षणी बंद पडू शकत असेल, तर एक नवाच प्रश्न उभा राहतो. कोणाला आत घ्यायचे आणि त्याला काय करू द्यायचे, याची यादी हीसुद्धा शेवटी माहितीच आहे आणि ती कुठेतरी साठवावी लागते. ती एकाच संगणकावर ठेवली आणि तो बंद पडला, तर बाकीचे सगळे संगणक धडधाकट असूनही कोणालाच आत जाता येणार नाही. ती सर्वांवर ठेवली, तर सर्व प्रती नेहमी सारख्याच आहेत याची खात्री कोणी द्यायची, हा पेच पडतो. वितरित डेटाबेसच्या सुरक्षेतील बहुतेक अडचणी या एका पेचातून निघतात, असे माझे मत आहे. आणि तो समजून घेण्यासाठी अपाची कॅसांड्रा हा डेटाबेस फार उपयोगी पडतो, कारण त्यात या अडचणी अगदी उघड्यावर दिसतात.

कॅसांड्रा मूळची फेसबुकमध्ये तयार झाली. तेथील इनबॉक्समधील संदेश शोधण्याच्या सोयीसाठी अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी ती लिहिली, 2008 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि 2010 मध्ये, सर्वांसाठी खुले सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प बनली. ॲमेझॉनच्या ज्या डायनॅमो या माहिती साठवणाऱ्या प्रणालीवरील शोधनिबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्याच्या लेखकांत लक्ष्मण हेही होते, आणि डायनॅमोतील मुख्य कल्पना कॅसांड्रातही आली: या व्यवस्थेत कोणी प्रमुख नाही. समूहातील प्रत्येक संगणक, म्हणजे प्रत्येक नोड, समान दर्जाचा असतो. नोंद आली की तिच्या किल्लीवरून, म्हणजे ती ज्या शब्दाने किंवा क्रमांकाने शोधली जाते त्यावरून, एक मोठी संख्या काढली जाते, आणि त्या संख्येवरून ती नोंद कोणत्या नोडकडे जाणार हे ठरते. तिच्या किती प्रती ठेवायच्या हे आपण सांगायचे. साधारणपणे तीन ठेवतात, म्हणजे एक नोड गेला तरी दोन उरतात.

आता ओळखीकडे येऊ. येथे दोन वेगळी कामे आहेत आणि बोलताना आपण ती सहज एकत्र करतो. येणारा स्वतःला जो म्हणवतो तो तोच आहे का, हे तपासणे हे पहिले काम. त्याला ओळख पटवणे म्हणू. तो तोच आहे हे पटल्यावर त्याला कोणता तक्ता वाचू द्यायचा, कोणता बदलू द्यायचा, हे ठरवणे हे दुसरे काम. त्याला अधिकार तपासणे म्हणू. कॅसांड्रात या दोन्ही कामांसाठी मांडणीच्या फाइलमध्ये दोन स्वतंत्र ओळी असतात, आणि नव्याने बसवलेल्या कॅसांड्रात त्या दोन्ही ओळींचा अर्थ ‘सर्वांना येऊ द्या’ असाच असतो. त्या बदलून, पासवर्ड विचारा आणि अधिकार पाहा, असे लिहावे लागते आणि नोड पुन्हा सुरू करावा लागतो. त्यानंतर ‘कॅसांड्रा’ याच नावाचा आणि ‘कॅसांड्रा’ याच पासवर्डचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता आपोआप तयार होतो. त्याचे नाव आणि पासवर्ड जगजाहीर आहेत, त्यामुळे तो तसाच ठेवणे म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखे आहे.

पासवर्ड, भूमिका आणि अधिकार यांच्या नोंदी कॅसांड्रा ‘सिस्टिम ऑथ’ नावाच्या स्वतःच्याच एका कप्प्यात ठेवते. हा कप्पा इतर माहितीसारखाच नोडांमध्ये विभागलेला असतो, आणि सुरुवातीला त्याची प्रत ठेवलेली असते फक्त एक. याचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, सहा नोडांचा समूह आहे आणि आपल्या व्यवहारांच्या माहितीच्या तीन-तीन प्रती आपण काळजीपूर्वक ठेवल्या आहेत. तिकीट आरक्षणाच्या प्रणालीने ज्या नावाने आत यायचे, त्या नावाची पासवर्डची नोंद मात्र सहांपैकी एकाच नोडवर आहे. तो नोड बंद पडला की आरक्षणाची सर्व माहिती उरलेल्या पाच नोडांवर सुरक्षित आणि वाचण्यायोग्य असते. पण नवीन जोडणी करू पाहणाऱ्या प्रणालीची ओळखच पटवता येत नाही आणि ती बाहेर उभी राहते. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या नावाची नोंद दुसऱ्या नोडवर असल्याने ते नाव सहज आत येते. बाहेरून पाहणाऱ्याला हा बिघाड विलक्षण गोंधळात टाकणारा वाटतो: डेटाबेस चालू आहे, काहींसाठी उघडा आहे आणि काहींसाठी बंद. म्हणून कुलूप लावण्याच्या आधी या कप्प्याच्या प्रती वाढवणे, प्रत्येक केंद्रात, म्हणजे नोड ठेवलेल्या प्रत्येक ठिकाणी, किमान तीन करणे, आणि त्यानंतर दुरुस्तीची आज्ञा चालवून जुन्या नोंदी नव्या ठिकाणी पोहोचल्या याची खात्री करणे, हा क्रम पाळावाच लागतो. नेमकी हीच पायरी घाईत सुटते.

प्रती वाढवल्या की त्यांपैकी किती विचारायच्या हा पुढचा प्रश्न येतो. कॅसांड्रात वाचताना किंवा लिहिताना किती प्रतींनी होकार दिला पाहिजे हे सांगता येते. तीनपैकी एकीला विचारले तर उत्तर लवकर मिळते, पण ती प्रत शिळी असू शकते. लिहिताना दोन आणि वाचताना दोन प्रतींचा होकार घेतला, तर दोन अधिक दोन हे तीनपेक्षा जास्त असल्यामुळे एक तरी प्रत दोन्ही वेळी समान निघते, आणि ताजी नोंद हाती लागण्याची हमी मिळते. या बहुमताला कोरम म्हणतात. आपल्याकडे सभेच्या गणपूर्तीलाही तोच शब्द रूढ आहे आणि कल्पनाही फारशी वेगळी नाही. कॅसांड्रामध्ये अनेक वर्षे सामान्य वापरकर्त्यांची ओळख त्याच केंद्रातील एका प्रतीला विचारून पटवली जात असे. अलीकडच्या आवृत्त्यांत ही पातळी वाढवता येते. जन्मतःच मिळणाऱ्या त्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी मात्र सर्व केंद्रांतील प्रती मिळून बहुमत लागते.

या शेवटच्या नियमाचे गणित मांडून पाहावे. मुंबई आणि सिंगापूर अशी दोन केंद्रे आहेत आणि प्रत्येकात तीन, अशा एकूण सहा प्रती आहेत. सहांचे बहुमत चार. एके दिवशी सिंगापूरशी असलेला संपर्क तुटला. मुंबईतील तिन्ही प्रती चालू आहेत, पण तीन म्हणजे चार नव्हेत. त्यामुळे सर्वांत मोठा अधिकार असलेला वापरकर्ता, ज्या दिवशी त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याच दिवशी, आत येऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वेगळ्या नावाचा सर्वाधिकारी तयार करणे आणि मूळचा बंद करणे याला दोन कारणे आहेत. जगजाहीर पासवर्ड हे त्यांतील एक झाले. दुसरे कारण हे, आणि ते कमी लोकांच्या लक्षात येते.

पासवर्ड साठवण्याची रीत मात्र आता बरीच स्थिरावली आहे. 1962 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील सामायिक संगणकावर एका संशोधकाने सर्वांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली होती, कारण त्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. फाइलमध्ये पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले होते. आज ते तसे लिहीत नाहीत. कॅसांड्रा बीक्रिप्ट ही 1999 मधील पद्धत वापरते. तीत पासवर्डवर मुद्दाम संथ केलेली गणिती प्रक्रिया होऊन त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असा ठसा, तयार होतो, आणि प्रत्येक पासवर्डमध्ये आधी काही यादृच्छिक अक्षरे मिसळलेली असल्याने दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगवेगळे येतात. मात्र साठवणे सुरक्षित असले तरी प्रवास सुरक्षित असतोच असे नाही. वापरणारी प्रणाली आणि नोड यांच्यातील जोडणी कूटबद्ध केलेली नसेल, तर तो पासवर्ड वाटेत उघडाच जातो. नोडांच्या आपापसांतील संवादाचेही तसेच आहे: तेथे प्रमाणपत्रे, म्हणजे प्रत्येक नोडची डिजिटल ओळखपत्रे, तपासली जात नसतील, तर एखादा परका संगणक आपण समूहातलेच आहोत असे सांगून आत शिरण्याचा प्रयत्न करू शकतो.

अधिकारांची मांडणी भूमिकांवर आधारलेली असते. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी 1992 मध्ये ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली आणि कॅसांड्रात ती 2015 च्या 2.2 आवृत्तीत आली. प्रत्येक व्यक्तीला सुटे अधिकार वाटत बसण्याऐवजी ‘आरक्षण’, ‘अहवाल’, ‘देखभाल’ अशा भूमिका करायच्या, अधिकार भूमिकेला द्यायचे आणि माणसाला किंवा प्रणालीला भूमिका द्यायची. अहवालाला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो. तक्ता नष्ट करण्याचा अधिकार रोजच्या कामातील कोणत्याच भूमिकेला लागत नाही. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्ये लिहून ठेवले आहे. कॅसांड्रात ते पूर्णपणे पाळता येत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. बदल करण्याचा अधिकार तीत एकसंध आहे. नोंद घालणे, बदलणे, पुसणे आणि संपूर्ण तक्ता रिकामा करणे हे सर्व त्या एकाच अधिकारात येते. ‘भर घालू दे, पण पुसू देऊ नको’ असे सांगण्याची सोय नाही. मला ही उणीव गंभीर वाटते, कारण हिशेबाच्या किंवा रुग्णांच्या नोंदींसारख्या ठिकाणी नेमके तेच हवे असते, आणि मग तो नियम डेटाबेसबाहेर, वापरणाऱ्या प्रणालीत लिहावा लागतो.

अधिकार देणे त्या मानाने सोपे आहे, कारण त्याला दोन सेकंद उशीर झाला तर बहुधा कोणाचे बिघडत नाही. अधिकार काढून घेण्याचे तसे नाही. प्रत्येक विनंतीच्या वेळी अधिकारांचा कप्पा वाचत बसले तर सगळा डेटाबेस मंदावेल, म्हणून प्रत्येक नोड एकदा वाचलेले अधिकार काही काळ स्वतःजवळ लक्षात ठेवतो. कॅसांड्रात हा काळ मुळात 2000 मिलिसेकंद, म्हणजे दोन सेकंदांचा ठरवलेला आहे आणि तो कमी-जास्त करता येतो. मोठ्या गृहसंकुलाच्या प्रत्येक फाटकावरील वॉचमनकडे स्वतःची वही असावी आणि कार्यालयाने एखाद्याचा प्रवेश रद्द केल्याची बातमी प्रत्येक वहीत वेगवेगळ्या वेळी पोहोचावी, तसे हे आहे. वेग वाढावा म्हणून कोणी हा काळ दहा मिनिटांवर नेला, तर नोकरीवरून काढलेला माणूस दहा मिनिटांपर्यंत आत राहू शकतो. शिवाय ओळख पटवली जाते ती जोडणी करतेवेळी. त्यामुळे पासवर्ड बदलला तरी आधीच उघडलेली जोडणी त्यामुळे आपोआप तुटत नाही.

या उशिरातून याहून सूक्ष्म एक धोका निर्माण होतो. गूगलच्या झांझिबार या अधिकार तपासणाऱ्या प्रणालीवरील 2019 च्या शोधनिबंधात त्याला ‘नवा शत्रू’ असे नाव दिले आहे. एका कार्यालयातील सामायिक फोल्डरमधून व्यवस्थापक एका सहकाऱ्याचा प्रवेश काढून टाकतो आणि मग दुसऱ्या सहकाऱ्याला सांगतो की, गोपनीय मसुदा आता त्या फोल्डरमध्ये ठेव. घटनांचा क्रम स्पष्ट आहे: आधी प्रवेश बंद, मग मसुदा. पण मसुदा एका नोडवर पोहोचला आणि त्या नोडजवळची अधिकारांची यादी क्षणभर जुनी राहिली, तर ज्याला काढले त्यालाच तो मसुदा दिसेल. त्याने जुनी कागदपत्रे पूर्वीच पाहिली होती, त्यात नवीन काही नाही. प्रवेश गेल्यानंतर आलेला मजकूर त्याच्या हाती लागणे ही खरी हानी आहे.

झांझिबारने यावर काढलेला उपाय मला फार नेटका वाटतो. सगळ्या प्रती सतत ताज्या ठेवण्याचा अट्टाहास त्यांनी धरला नाही. या अधिकारांच्या नोंदी गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये असतात आणि तेथे जीपीएस उपग्रहांकडून मिळणारी वेळ व आण्विक घड्याळे यांच्या आधारे प्रत्येक बदलाला विश्वासार्ह वेळ दिली जाते. मजकूर साठवताना झांझिबार ‘झूकी’ नावाची एक छोटी खूण देते. तीत त्या वेळची नोंद असते आणि ती मजकुरासोबत जपून ठेवली जाते. पुढे कोणी तो मजकूर मागितला की ती खूणही तपासणाऱ्याकडे जाते, आणि या वेळेपेक्षा जुन्या यादीवरून उत्तर देऊ नये, एवढीच अट ती घालते. जवळच्या नोडवरील यादी पाच सेकंद जुनी असली आणि मसुदा महिन्यापूर्वीचा असला, तर ती यादी चालते आणि उत्तर तत्काळ मिळते. मसुदा दोन सेकंदांपूर्वीचा असेल, तर मात्र तीच यादी बाजूला ठेवून ताजी मागवावी लागते, आणि तेवढा वेळ मागणाऱ्याला थांबावे लागते.