बहुखंडी झोप

बहुखंडी झोप : चोवीस तासांतली झोप एका सलग रात्रीत न घेता तीन किंवा अधिक तुकड्यांत वाटून घेण्याची पद्धत. पॉलिफेजिक स्लीप हे नावही आता मराठीत रुळले आहे. रात्रीची झोप आणि दुपारची वामकुक्षी असे दोनच तुकडे असतील तर ती द्विखंडी. या विषयात झोप वाटून घेणे आणि झोप कापणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दिवसाला दोन-चार तासांची झोप पुरते असे सांगणाऱ्या वेळापत्रकांच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनात त्या एकमेकींत मिसळून जातात आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

तुकड्यातुकड्यांनी झोपणे सजीवसृष्टीत नवे नाही. कुत्री, मांजरे, उंदीर असेच झोपतात. अंटार्क्टिकातील चिनस्ट्रॅप पेंग्विनवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरट्याची राखण करताना हे पक्षी दिवसात दहा हजारांहून अधिक वेळा डोळा लावतात आणि प्रत्येक डुलकी सरासरी चारच सेकंदांची असते. मात्र सगळ्या डुलक्यांची बेरीज अकरा तासांवर जाते. तान्ह्या बाळाचेही तसेच. ते दिवसरात्र थोडे थोडे झोपते, पण एकूण १४ ते १७ तास झोपते. शरीराचे घड्याळ लागू लागले की साधारण तिसऱ्या महिन्यापासून त्याची झोप रात्रीकडे सरकते. निसर्गात झोपेचे तुकडे पडलेले दिसतात, म्हणून माणसाला दोन तास झोप पुरेल असा अर्थ त्यातून निघत नाही.

प्रौढ माणसाची मूळ झोप अखंड होती का, हा इतिहासकारांतला वाद आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या युरोपात लोक रात्री दोन टप्प्यांत झोपत आणि मध्ये तास-दोन तास जागे राहत, असे रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये जुन्या कागदपत्रांच्या आधारे मांडले. त्याआधी, १९९० च्या सुमारास, थॉमस वेर यांनी स्वयंसेवकांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेवले होते. त्यांच्या झोपेचेही दोन भाग पडले आणि एकूण झोप आठ तासांच्या आसपास स्थिरावली. याउलट जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टांझानियातील हाद्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील चिमाने या विजेविना जगणाऱ्या समाजांची झोप मोजली. ती सरासरी ५.७ ते ७.१ तास भरली आणि रात्रीचे असे ठरावीक दोन भाग त्यांच्यात आढळले नाहीत. वाद मिटलेला नाही. मात्र चार-चार तासांनी वीस मिनिटे झोपून भागवणारा मानवी समाज यांपैकी कोणालाच सापडलेला नाही.

आजच्या वेळापत्रकांचे मूळ बरेचसे अमेरिकन वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांच्यापाशी जाते. दर सहा तासांनी अर्धा तास, म्हणजे दिवसाकाठी दोनच तास झोपण्याची त्यांची रीत टाइम साप्ताहिकाने १९४३ मध्ये छापली. सोबतीच्या लोकांच्या कामाच्या वेळांशी मेळ बसेना म्हणून त्यांनी ती पुढे सोडली. लिओनार्दो दा विंची असेच झोपत ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा नाही. इंटरनेटच्या काळात दोन नावे गाजली. ‘उबरमॅन’मध्ये वीस मिनिटांच्या सहा डुलक्या, एकूण दोन तास, ‘एव्हरीमॅन’मध्ये रात्री सुमारे तीन तास सलग झोप आणि दिवसा वीस मिनिटांच्या तीन डुलक्या, एकूण चार तास.

यामागचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. झोप सुमारे नव्वद मिनिटांच्या आवर्तनांत चालते. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची आरईएम झोप येते. हलकी झोप म्हणजे नुसता भरणा आणि सरावाने मेंदू पडल्या पडल्या गाढ किंवा आरईएम झोपेत शिरायला शिकतो, असे पुरस्कर्ते सांगतात. पडताच आरईएम लागते हे काही वेळा खरेही होते. पण झोपेविना तळमळलेला मेंदूच तसे करतो, आणि नार्कोलेप्सी या दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारातही हेच दिसते. त्यामुळे त्याला कौशल्य म्हणण्यापेक्षा उपासमारीची खूण म्हणणे योग्य. हलकी झोपही वाया जात नाही. शिकलेले पक्के होण्यात तिचा वाटा आहे.

खरी अडचण घड्याळाची आहे. आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोप दोन गोष्टींवर ठरते : जागे राहू तितकी वाढत जाणारी झोपेची ओढ आणि शरीराची दैनिक लय. लय मुख्यतः उजेडाने बांधलेली असते, गजराने नाही. उबरमॅनचे रोजचे सहा ठोके घ्या : रात्री १२, पहाटे ४, सकाळी ८, दुपारी १२, दुपारी ४ आणि रात्री ८. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान तळाला गेलेले असते, ऐन साखरझोपेची वेळ. वीस मिनिटांनी वाजणारा गजर तिथे सर्वांत दुबळा ठरतो. रात्री आठला उलटा प्रकार. नेहमीच्या झोपेआधीच्या दोन-तीन तासांत झोप लागणे सर्वांत अवघड असते, हे पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये दाखवले. तेव्हा ही डुलकी बहुधा कूस बदलण्यातच संपते.

प्रयोग करणाऱ्यांचे अनुभव साधारण एकाच वाटेने जातात. पहिले एक-दोन दिवस उत्साहात निघतात, रात्रीचे मोकळे तास हाताशी आल्यासारखे वाटतात. मग डोळे तारवटतात, हातपाय गार पडतात, खा-खा सुटते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. बसल्या जागी काही सेकंदांच्या पेंगा येतात आणि त्या आल्याचे कळतही नाही. गजर कधी बंद केला हे आठवत नाही आणि वीस मिनिटांची डुलकी पाच तासांवर जाते. याला शिस्तीचा अभाव समजून स्वतःला दोष देऊ नये. शरीर आपले येणे वसूल करत असते.

जे तगून राहतात त्यांना काही दिवसांनी ‘सवय झाली’ असे वाटते. या वाटण्याचीच मोठी भीती आहे. हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिले गेले. पडद्यावर खूण दिसताच बटण दाबायचे, एवढीच एक साधी चाचणी त्यात होती. चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या आणि काही कसोट्यांवर एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाइतक्या झाल्या. झोप येते का, या प्रश्नाची त्यांची उत्तरे मात्र काही दिवसांत जवळजवळ स्थिर झाली. त्यामुळे ‘मला काही त्रास होत नाही’ ही साक्ष इथे पुरावा म्हणून धरता येत नाही. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. अशा वेळापत्रकांचा फायदा दाखवणारा पुरावा त्यांना मिळाला नाही, अपायाचा मिळाला, आणि ती पाळू नयेत असा निष्कर्ष त्यांनी दिला.

तरीही जिथे सलग झोप शक्यच नसते तिथे तुकडे कामी येतात. एकट्याने समुद्र ओलांडणारे शिडाच्या होडीचे नाविक हे त्याचे ठळक उदाहरण. क्षितिजावर दिसलेले जहाज वीसएक मिनिटांत अंगावर येऊ शकते, म्हणून अनेकजण तेवढ्याच अंतराने गजर लावतात. क्लॉडिओ स्टाम्पी यांनी अशा नाविकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. झोप अपुरीच मिळणार असेल तर ती एकदम घेण्यापेक्षा वाटून घेतल्यास कामगिरी बरी टिकते, असे त्यांना दिसले. ही तडजोड त्यांनी आणीबाणीपुरती मानली. पुरेशा रात्रीच्या झोपेला जोडलेली दुपारची डुलकी हा प्रकार निराळा. तिने तरतरी येते आणि त्यासाठी रात्र कापावी लागत नाही.

अपस्मार किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार असणाऱ्यांनी हा प्रयोग करूच नये. जागरणाने पहिल्यात झटका आणि दुसऱ्यात उन्मादाची अवस्था ओढवू शकते. वाढत्या वयातील मुलांनी आणि वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनीही यापासून दूर राहावे. वेळापत्रक सोडल्यावर आधी गाढ झोपेची भरपाई होते, आरईएमची नंतर. एका सुट्टीच्या दिवशी भरपूर झोपून हिशेब पुरा होत नाही. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आठवडाभर कमी झोपलेल्यांना पुढे तीन रात्री आठ-आठ तास मिळूनही त्यांची कामगिरी पूर्वपदावर आली नाही. म्हणून प्रयोग थांबवल्यानंतरच्या काही रात्री गजर न लावता झोपावे आणि तोवर गाडी चालवू नये.