क्वाड की बग्गी? मॉरिशसच्या उसातून निघण्याआधी

मॉरिशसला सहलीसाठी जाणाऱ्यांच्या हातात पडणाऱ्या माहितीपत्रकात समुद्राची पाने संपली की एक पान ठरलेले असते : लाल चिखल उडवत उसाच्या शेतांमधून निघालेली चारचाकी वाहनांची रांग, पुढे वाटाड्या, मागे डोंगर. त्याखाली दोन दर छापलेले असतात, एक क्वाडचा आणि एक बग्गीचा. वाट तीच असते, वाटाड्याही तोच असतो. त्यामुळे फरक फक्त पैशाचा किंवा बसण्याच्या सोयीचा असावा असा समज होतो, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रवासी दोन्हींना सरसकट ‘एटीव्ही’ म्हणून मोकळे होतात. नागावच्या वाळूवर मालकाला मागे बसवून दोन चकरा मारलेल्यांना तर आपल्याला हे वाहन येते अशी खात्रीच असते. प्रत्यक्षात ही दोन वाहने चालवणाऱ्याकडून जवळजवळ उलट गोष्टी मागतात. एकावर शरीर सतत हलवावे लागते, तर दुसऱ्यात ते बांधून ठेवावे लागते.

आधी नावांचा घोळ मिटवू. ‘बग्गी’ म्हटले की मराठी माणसाला वरातीची घोडागाडी आठवते, नाहीतर गोल्फच्या मैदानावरची विजेवर चालणारी गाडी. इथे त्या दोन्ही अभिप्रेत नाहीत. इथली बग्गी म्हणजे लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात शेजारी शेजारी दोन किंवा मागे-पुढे चार आसने असलेली, स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल असलेली उघडी गाडी. क्वाड म्हणजे मोटारसायकलसारखे खोगीर, हँडल आणि चार फुगीर चाके असलेले वाहन, ज्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे लागते. एटीव्ही (ऑल-टेरेन व्हेइकल) हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव खरे तर या दुसऱ्याचे, म्हणजे क्वाडचे आहे.

क्वाडचा वंश तीन चाकांपासून सुरू होतो. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत फुगीर चाकांची तीनचाकी विकायला काढली, पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीने चारचाकी आणली. तीनचाकी वळणावर फार उलटतात हे ध्यानात आल्यावर १९८८ मध्ये अमेरिकेत त्यांची नवी विक्री थांबली. चौथ्या चाकाने तो दोष कमी केला, पण पूर्णपणे गेला नाही, कारण उंची, अरुंद बांधणी आणि वर बसलेल्या माणसाचे वजन हे गणित तसेच राहिले. भाड्याच्या साध्या क्वाडचे वजन दोनशे ते तीनशे किलोच्या घरात असते. त्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसला की एकूण वजनाचा मोठा भाग इंजिनाच्याही वर, खोगिरावर येतो. म्हणूनच तो माणूस कुठे झुकतो यावर वाहनाचा तोल ठरतो. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकायचे, आणि आडव्या उतारावरून जाताना डोंगराच्या बाजूला वजन टाकायचे. हे जो करत नाही तो क्वाडवर नुसते सामान म्हणून बसलेला असतो.

नेमके इथेच दुचाकीची सवय आड येते. स्कूटर वळताना आपल्यासोबत कलते, क्वाड कलत नाही. वळणावर ती बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि चालवणाऱ्याला जाणीवपूर्वक आतल्या बाजूला अंग टाकावे लागते. शिवाय बऱ्याच साध्या क्वाडना मागच्या आसात डिफरेन्शियल नसते, म्हणजे वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाही. परिणामी वाहन सरळच जायचा हट्ट धरते, आणि नवशिका घाबरून हँडल आणखी जोरात ओढतो. ॲक्सिलरेटरही मुठीत नसतो. उजव्या अंगठ्याजवळ एक छोटा खटका असतो, तो दाबला की वाहन पुढे जाते. स्कूटर चालवणारा मूठ पिळतो, काहीच होत नाही. मग खड्ड्यात तोल जाताना हँडल घट्ट धरतो, तर तोच अंगठा दाबला जातो आणि जिथे थांबायचे तिथे क्वाड उडी घेते.

सगळ्यांत वाईट सवय पायाची. सिग्नलला थांबताना, चिखलात घसरताना, गर्दीत हळू चालवताना आपला पाय आपोआप जमिनीवर टेकतो. वर्षानुवर्षे दुचाकी चालवलेल्या माणसाला हे आपण करतो आहोत हेही कळत नाही. क्वाडवर चार चाके असल्याने पाय टेकण्याची गरजच नसते, आणि टेकला तर तो थेट मागच्या फुगीर चाकाच्या वाटेत येतो. पुढे जाणारे वाहन मग स्वतःच्याच स्वाराच्या घोट्यावर चढते. निघण्यापूर्वी वाटाडे बूट घातले आहेत का हे पाहतात आणि सँडल घालून आलेल्यांना परत पाठवतात, त्यामागे हे एक कारण आहे.

त्या चाकांविषयी थोडे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण तीस-पस्तीस पीएसआय दाबाची हवा असते, क्वाडच्या टायरमध्ये बहुधा तीन ते सात. अंगठ्याने दाबले तर टायर आत जातो. इतक्या मऊ चाकांमुळे दगड आणि मुळे सहज ओलांडता येतात, पण वेग वाढला की तीच चाके चेंडूसारखी उसळू लागतात. डांबरी तुकडा लागला की क्वाड उगीच जड वाटते तीही याचमुळे, ती बिघाडाची खूण नव्हे.

आता बग्गी. तिच्यात बसताक्षणी मोटार चालवणाऱ्याला घरी आल्यासारखे वाटते, आणि तीच तिची खरी अडचण आहे. डिफरेन्शियल, रुंद बांधणी, खाली बसण्याची जागा आणि चार बाजूंनी पिंजरा यांमुळे ती क्वाडपेक्षा पुष्कळ स्थिर असते. वजन पाचशे-सातशे किलोपर्यंत जाते. चालवणाऱ्याने कुठे झुकावे याने तिला फारसा फरक पडत नाही. म्हणून वेग वाढतो. शिवाय अनेक बग्ग्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. मॉरिशसमध्ये रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी आहे, पण बसायची जागा उलट झाली की उजव्या बाजूला किती गाडी उरली आहे याचा अंदाज चुकतो आणि उजवे चाक उसाच्या कडेच्या चरात जाते.

बग्गी उलटते तेव्हा हातांना आत ठेवणे हा एकच नियम कामाचा असतो. गाडी एका बाजूला कलू लागली की माणूस उपजत बुद्धीने त्या बाजूला हात बाहेर काढून जमिनीला टेकवू पाहतो, आणि पिंजऱ्याची नळी त्याच हातावर येते. क्वाडच्या बाबतीत उलट सांगतात : उलटतेच आहे असे दिसले तर तिच्यापासून दूर पडा, कारण तिला पिंजरा नाही आणि पट्टा नाही. एकात बांधून राहायचे, दुसऱ्यातून सुटायचे. बग्गीचा पट्टा फोटोसाठी सोडणारा माणूस तिच्या सुरक्षिततेचा निम्मा भाग स्वतःच काढून टाकतो. पट्टा नसेल तर पिंजरा संरक्षण करत नाही, उलट माणूस त्यावरच आदळतो.

हे सगळे उगीच भीती घालण्यासाठी नाही. यामाहाच्या राइनो या शेजारी-आसनांच्या, म्हणजे बग्गीच्याच जातीच्या वाहनाबाबत २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या सहभागाने मोफत दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर झाला, आणि त्या दुरुस्तीत मागच्या चाकांमधले अंतर वाढवणे हा एक भाग होता. क्वाडकडे ऑस्ट्रेलियाने अधिक कठोरपणे पाहिले. शेतीकामाच्या नव्या क्वाडवर २०२१ च्या ऑक्टोबरपासून उलटल्यावर स्वाराला वाचवणारी चौकट असल्याशिवाय विक्री होत नाही. या दोन प्रसंगांकडे एकत्र पाहिले की दोन्ही वाहनांचा दुबळा मुद्दा एकच, म्हणजे उलटणे, असल्याचे कळते, उपाय मात्र वेगळे.

दोघांसाठीचे क्वाड हा आणखी एक फसवा प्रकार. क्वाड मुळात एका माणसासाठी बांधलेली असते, आणि पुष्कळ क्वाडवर मागे माणूस बसवू नये असे चिकटवलेलेही असते. दोघांसाठीची क्वाड लांब असते, तिला मागे पाठीच्या टेकूसह वेगळे आसन आणि हाताला पकड असते. छापील दरपत्रकात ‘डबल’ एवढाच शब्द असेल तर वाहन कोणते आहे हे आधी विचारावे. लांब खोगिरावर दोघांना दाटीवाटीने बसवले जात असेल, तर पुढच्याला मागे-पुढे सरकायला जागाच उरत नाही आणि मघाशी सांगितलेले झुकण्याचे सगळे शिक्षण वाया जाते. जोडप्याला एकत्र जायचे असेल तर माझे मत बग्गीकडे जाते, आणि तेही पट्टे नीट असतील तरच.

मॉरिशसची जमीनही निवडीत आपले म्हणणे मांडते. हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे, सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. जुन्या लाव्हाची माती लाल आणि चिकट आहे. मधल्या पठारावर पाऊस भरपूर, पश्चिम किनारा कोरडा. दक्षिणेकडच्या बेल ऑम्ब्रच्या जंगलात ओढे ओलांडावे लागतात, तर पश्चिमेकडे मे ते ऑक्टोबरच्या थंड दिवसांत लाल धूळ उडते. ऊस कापणीच्या काळात वाटा उघड्या पडतात, शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात. गुलामांनी आणि १८३४ पासून आलेल्या गिरमिटिया मजुरांनी जमीन मोकळी करताना हे दगड उचलून रचले. त्या मजुरांमध्ये रत्नागिरीकडून मुंबई बंदरमार्गे गेलेले मराठी लोकही होते. वाटाडा बहुधा ढिगाजवळ थांबत नाही, पण आपण त्याला थांबायला सांगावे.

चिखलाच्या ओढ्यात क्वाड हलकी असल्याने सहज निघते, मात्र स्वार कमरेपर्यंत भिजतो. बग्गी जड असल्याने रुततेही, आणि तिला ओढायला वेळ लागतो. धुळीत मात्र दोघांचे हाल सारखे. रांगेतल्या शेवटच्या वाहनाला सगळ्यांची धूळ खावी लागते, म्हणून ओढणी किंवा रुमाल तोंडाला बांधून निघावे आणि हॉटेलचा पांढरा टॉवेल खोलीतच ठेवावा. उतारावर बग्गीत हलका गिअर टाकला की इंजिनच गाडीला आवरते. काहीजण उतार आला की न्यूट्रलमध्ये सोडतात, ते कोणत्याही वाहनात करू नये.

निवड मग कोणी कोणती करावी? ज्याला शरीराने वाहन चालवण्याची मजा हवी आहे, गुडघे-कंबर धड आहेत आणि नवे शिकायची तयारी आहे, त्याने क्वाड घ्यावी. मला स्वतःला तीच आवडते, कारण तासाभराने आपण चालवायला लागलो हे अंगाला कळते. घरातले ज्येष्ठ सोबत असतील, किंवा एकाने चालवावे आणि दुसऱ्याने उसावरून डोंगराकडे पाहावे असे ठरले असेल, तर बग्गी. पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी दोन्ही टाळावीत, कारण बग्गीतही धक्के कमी नसतात, फक्त ते बसून खावे लागतात. वयाची अट ठिकाणाप्रमाणे बदलते, म्हणून मुले सोबत असल्यास पैसे भरण्याआधी ती विचारावी. प्रवासविम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, हेही घरूनच पाहून निघावे.

सुरुवातीला वाटाडा मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक चक्कर मारायला लावतो. हा उपचार नसून निवडीची शेवटची संधी असते. वळणावर पाय खाली येतो का, अंगठा सैल राहतो का, वेग कमी करून वळता येते का, हे तो बघत असतो. पाय दोनदा खाली आला की तो वाहन थांबवून बग्गीकडे बोट करतो. तिथे आपल्यापैकी कोणी ना कोणी त्याला समजावू लागते, ‘मी वीस वर्षे ॲक्टिव्हा चालवते आहे,’ आणि तो मान हलवून हसतो, कारण त्याच्या दृष्टीने काळजी वाटावी अशी नेमकी तीच गोष्ट असते.